सावलीचा थांबा

"तिथं झाड नव्हतं," एडिथबाई म्हणाल्या. "एकही नाही. माझी पणजी नेहमी सांगायची. दुपारी आवारातली फरशी इतकी तापायची की पोरं ओल्या गोणपाटावर उभी राहायची."

आम्ही दुसऱ्या थांब्यावर होतो, गोदीच्या जुन्या दगडी भिंतीशी. एप्रिलमधला रविवार, सकाळचे सव्वाआठ. सोळा माणसं माझ्यापुढं अर्धगोल करून उभी होती आणि सवयीप्रमाणं मी ऊन स्वतःच्या तोंडावर घेतलं होतं. डोळे आपण मिचकावायचे, पाहुण्यांनी नव्हे, हा आमच्या संस्थेच्या संचालिका गुप्तेबाईंनी मला शिकवलेला पहिला धडा. दुसरा धडा माणसं मोजण्याचा. तिसरा, थांबा नेहमी सावलीत घ्यायचा.

त्या तिसऱ्या धड्यानंच मी आज अडकलो होतो.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. या शहरातल्या आफ्रिकी माणसांचा इतिहास पायी हिंडत सांगणारा हेरिटेज वॉक दर रविवारी माझ्याकडं असे. बॉयलरपुढं कोळसा ओढणारे सिद्दी आगवाले, त्यांचे पीर, त्यांची वस्ती. आणि शेवटी, गुलामांच्या गलबतांवरून भर समुद्रात सोडवून आणलेली मुलं. ती मुलं मुंबईत उतरवली जात, मिशनच्या घरांत ठेवली जात, त्यांना नवी नावं मिळत. त्यातली काही मोठी होऊन पुन्हा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाठवली गेली. एडिथबाईंची पणजी रिबेका त्यांतली एक. बाई मोंबासाहून आल्या होत्या, वय अठ्ठ्याहत्तर, सोबत भाचा जोसाया. त्यांच्या कापडी पिशवीत कॉफीचा एक डबा होता आणि त्यात रिबेकाच्या कबरीवरची माती.

"माझी पणजी ज्या घरात पुन्हा झोपायला शिकली, तिथं मला ही माती ठेवायची आहे," असं त्यांनी तीन महिन्यांपूर्वी संस्थेला लिहिलं होतं. "ते घर आमच्या पाचव्या थांब्यावर आहे, अवश्य यावे," असं उत्तर गेलं. सही गुप्तेबाईंची होती. टाइप मी केलं होतं.

आणि पाचव्या थांब्यावर ते घर नव्हतं.

खरी जागा तिथून दोन-अडीचशे पावलं पुढं, रस्ता ओलांडून होती. तिथं भंगाराचं आवार होतं, उघडं, तापलेलं, फुटपाथ नसलेलं. सोळा माणसं उभी करायला जागा नाही. म्हणून वॉक सुरू झाला तेव्हाच गुप्तेबाईंनी थांबा अलीकडं घेतला, एका जुन्या दुमजली घरापुढं, कडुनिंबाखाली. मी सुरुवातीला प्रामाणिकपणे म्हणत असे, "ते घर इथून जवळच होतं." मग एका रविवारी एका निवृत्त इंजिनिअरनं मला मधेच तोडलं. "जवळच म्हणजे नेमकं कुठं? किती मीटर? कुठल्या दिशेला?" सगळ्यांचे डोळे माझ्यावर. पाठ केलेलं मला बोलता येत असे, विचारलेलं नाही. पुढच्या रविवारपासून मी ते 'जवळच' गाळलं आणि नुसतं "इथं" म्हणू लागलो. मग कोणी काही विचारलं नाही. दोन वर्षं.

"गोणपाटावर," मी एडिथबाईंना म्हणालो. बोलणं अर्थात इंग्रजीत चाललं होतं. "हे मी कुठं वाचलेलं नाही."

"वाचायला कशाला हवं? ती माझ्या आईला मांडीवर घेऊन सांगायची." त्यांनी रुमालानं मान पुसली. "परत गेल्यावर तिनं सात आंबे लावले, बघ. शेजारी हसायचे. तिची कबर त्यांच्याच खाली आहे, ही माती तिथलीच."

तिसरा थांबा दर्ग्याच्या मागच्या अंगाला होता. मंडळी उंबऱ्याबाहेर पादत्राणं काढत असताना मी गुप्तेबाईंना बाजूला घेतलं. त्या सहसा वॉकला येत नसत. आज वर्तमानपत्राचा फोटोग्राफर होता म्हणून आल्या होत्या.

"मॅडम, पाचव्या थांब्याबद्दल बोलायचं होतं."

"कासम मास्तरांना फोन केलास ना? पाणी थंड ठेवायला सांग."

"ते घर ते नाही."

"माहितीये मला. थांबा मीच ठरवला. तू 'जवळच' सांगतोस की."

"सांगायचो."

त्यांनी चष्मा वर सरकवला. "सांगायचो म्हणजे?"

मी उंबऱ्याबाहेरच्या चपला मोजू लागलो. त्यांना ते पुरलं.

"कमाल आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आणि ते पत्र? मी तुझ्या लेखी माहितीवरून सही केली, श्रीरंग. मला वाटलं, काही नवीन सापडलं असेल."

"आत्ता सांगू या त्यांना."

"आत्ता? फोटोग्राफरपुढं?" त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "हे बघ. त्या म्हाताऱ्या बाई समुद्र ओलांडून आल्यात. त्यांना मनाचं समाधान हवंय. तू त्यांना भंगाराच्या ढिगापुढं उन्हात उभं करणार? दोनशे पावलांनी काय बिघडतं? पुढच्या रविवारपासून सुधारू. आज गप्प राहा. ते तर तुला छान जमतं."

शेवटचं वाक्य त्यांनी कुचकेपणानं म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते इतकी वर्षं लक्षात राहिलं असावं.

चौथ्या थांब्याकडं जाताना एडिथबाईंनी माझा दंड धरला. रस्ता खडबडीत होता. पिशवी त्यांनी जोसायाला धरू दिली नव्हती. ती माझ्या बरगडीवर हलकेच आपटत होती, प्रत्येक पावलाला.

"तुझे ओठ सारखे हलतायत," त्या म्हणाल्या.

"मला लोकांपुढं बोलताना भीती वाटते."

"मग हे काम कशाला धरलंस?"

"पाठ असलं की बोलता येतं."

त्या हसल्या. "आमच्या चर्चमधला पाद्रीसुद्धा असाच. वीज गेली की प्रवचन बंद."

जोसाया मागून म्हणाला, "आत्या, त्याला छळू नकोस. अजून दोन थांबे आहेत. तो पळाला तर आपल्याला हॉटेलचा रस्तासुद्धा सापडणार नाही."

आताच सांगावं, मी मनाशी म्हणत होतो. या विजेच्या खांबापाशी. नाही, पुढच्या कोपऱ्यावर. खांब मागं गेला, कोपरा मागं गेला. चौथ्या थांब्यावर मी काय बोललो ते मला आजही आठवत नाही. ओठ पाठ केलेलं म्हणत राहिले आणि आत मी एकच वाक्य जुळवत राहिलो. ते घर पुढं आहे. सहज म्हणायचं. जणू आम्ही तिकडंच चाललो आहोत असं. जमलं असतं.

मग कडुनिंब दिसला.

कासम मास्तर पायरीवरच उभे होते. त्या घराच्या तळमजल्यावर त्यांचं शिलाईचं दुकान, गळ्यात टेप. गेली दोन वर्षं ते दर रविवारी पायरी धुऊन ठेवत आणि आमच्या लोकांना माठातलं पाणी देत. आज त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता.

"या, या! मॅडम, या सावलीत. सिरंगभाऊ, खुर्ची दे त्यांना." मग एडिथबाईंकडं वळून, हातवारे करत, "तुमची नानी इथंच होती. ह्याच पायरीवर पोरं झोपायची. ही बघा, पायरी झिजली आहे ना? त्यांच्या पायांनी झिजली."

पायरीचं मी कधीच बोललो नव्हतो. ते मास्तरांचं होतं. माझ्या एका शब्दाला त्यांनी इतक्या मायेनं घर बांधलं होतं.

जोसायानं मला विचारलं, "काय म्हणतात ते?"

मी भाषांतर केलं. शब्द न् शब्द.

एडिथबाई वर बघत होत्या. उन्हाचे कवडसे त्यांच्या चेहऱ्यावर हलत होते. "आणि हे झाड?"

मास्तरांना 'ट्री' कळलं. "झाड? दीडशे वर्षांचं असेल, मॅडम! ज्यादाच!"

हेही मी भाषांतर केलं.

त्यांनी बुंध्याला हात लावून पाहिला. मग माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "पण हे नंतर लावलेलं असणार. हो ना? लोकांचा अंदाज चुकतो."

त्यांनी स्वतःच माझ्यासाठी दार उघडून दिलं होतं, आणि मला त्यातून आत जायचं होतं की बाहेर पडायचं होतं, हे मला कळेना. गुप्तेबाई माझ्याकडं बघत होत्या. फोटोग्राफर गुडघ्यावर बसून जागा धरत होता. मी तोंड उघडलं आणि तोंडानं नेहमीचंच म्हटलं:

"इथं, साधारण दीडशे वर्षांपूर्वी..."

एडिथबाई जोसायाच्या आधारानं खाली बसल्या. गुडघे टेकायला त्यांना वेळ लागला. डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. त्यांनी ते कोणालाही उघडू दिलं नाही. मग डबा कडुनिंबाच्या बुंध्याशी तिरका केला. माती लाल होती, कुंकवाहून काळपट, आमच्या राखाडी धुळीवर ती ओल्या जखमेसारखी दिसली. कॅमेरा खटखटला. त्या आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटू लागल्या.

"नाही," मी म्हणालो.

कोणाला ऐकू गेलं नाही. मलाही जेमतेम.

"नाही. थांबा. ओतू नका."

डबा अर्धा झाला होता.

"काय नाही?" जोसाया.

"हे ते घर नाही."

"श्रीरंग," गुप्तेबाई म्हणाल्या.

"ते घर पुढं होतं. रस्त्यापलीकडं. इथं सावली आहे म्हणून आम्ही इथं थांबतो."

वाक्य संपलं. कोणी हललं नाही. फक्त फोटोग्राफरनं, बहुधा नकळत, आणखी एक फोटो घेतला.

जोसाया माझ्या अगदी जवळ आला. तो धिप्पाड होता आणि आवाज मुद्दाम खाली ठेवून बोलत होता. "कधीपासून माहीत आहे तुला हे?"

"पहिल्यापासून."

"तिनं गुडघे टेकले तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"डबा उघडला तेव्हा?"

"हो."

"जोसाया," एडिथबाई जमिनीवरूनच म्हणाल्या. "त्याला मारायचं असेल तर नंतर मार. आधी दोघंही खाली बसा. वारा सुटला तर सगळं जाईल."

आम्ही बसलो. लाल तेवढं बोटांनी उचलू लागलो. वरचा थर सहज आला. खालचा धुळीत, निंबोळ्यांत, पिवळ्या पानांत मिसळला होता. मास्तर आत गेले आणि कापडावरचा खडू झटकायचा ब्रश आणि एक मोठा खाकी कागद घेऊन आले. सदऱ्याच्या बाह्या मागं सारून तेही धुळीत बसले.

"तूच सांगितलंस मला," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "इथं म्हणून. मी नातवाला सांगितलं. नातवानं शाळेत निबंध लिहिला."

"मास्तर, मी..."

"कागद धर नीट."

स्वच्छ माती डब्यात गेली. मिसळलेली कागदावर राहिली, दोन ओंजळी भरेल इतकी. त्यातलं लाल आणि राखाडी वेगळं करण्याचा एडिथबाईंनी थोडा वेळ प्रयत्न केला. मग हात झटकले.

"चल," त्या मला म्हणाल्या. "आता खरी जागा दाखव."

"मिसेस एडिथ, ऊन फार झालंय, आपण गाडीनं..." गुप्तेबाई पुढं झाल्या.

"ती मुलं गाडीनं गेली नव्हती," एडिथबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा माझाच दंड धरला. मला वाटलं होतं, त्या जोसायाचा धरतील.

अडीचशे पावलं. मी मोजली. कोणी मागं राहिलं नाही. मास्तरही आले, दुकान उघडं टाकून, कागदाची पुडी दोन्ही हातांत धरून. भंगाराच्या फाटकाशी मालक मौर्या आडवा आला. "ए, किधर? फोटो-बिटो नहीं, पहिले बोलता हूँ."

"फोटो नाय रे," मास्तर म्हणाले. "मयतीचं काम आहे. हट बाजूला."

मौर्यानं बाईंकडं पाहिलं आणि वाट दिली. आत पत्र्यांचे ढीग, बाथटब, पंख्यांची पाती. आणि खाली सिमेंट. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध सिमेंट. चिमूटभर मातीसुद्धा उघडी नव्हती.

"सांग," एडिथबाई म्हणाल्या.

मला पाठ असलेलं काहीच इथं चालणार नव्हतं. लोक उन्हात, ढिगांच्या मधे, जमेल तिथं उभे होते. मी प्रथमच ऊन पाठीवर घेऊन बोललो, कारण दुसरीकडं वळायला जागाच नव्हती.

"जुन्या नकाशात इथं एक घर दाखवलंय. त्यात बेचाळीस मुलं होती. मिशनच्या यादीत रिबेका नावाच्या तीन मुली आहेत. पण त्या वर्षांत मिशनची शहरात दोन घरं होती. दुसरं कुठं होतं ते मला सापडलेलं नाही. तुमची रिबेका कुठल्या घरात होती, मला माहीत नाही." मी थांबलो. "एवढंच माहीत आहे."

दोन वर्षं मी ज्यावर पंधरा मिनिटं बोलत होतो, ते सारं अर्ध्या मिनिटात संपलं.

एडिथबाईंनी एका पायातली चप्पल काढली आणि तळवा सिमेंटवर टेकवला. चेहरा आक्रसला. पाय त्यांनी लगेच उचलला नाही. मी मनातल्या मनात मोजत होतो; चार, पाच, सहा. मग त्यांनी चप्पल घातली.

"तुला खात्री नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग मी ठेवणार नाही." त्यांनी डब्याचं झाकण तळहातानं दाबून बसवलं. मास्तरांच्या हातातली पुडी घेतली आणि माझ्या हातात दिली. "ही मी परत नेऊन काय करू? यात तुमचं अर्धं मिसळलंय. तू ठेव. माहीत झालं की त्या जागी टाक. माहीत होण्याआधी टाकलीस तर मी तुला कधी क्षमा करणार नाही."

त्या हे हसून म्हणाल्या नाहीत. रागावूनही नाही. एखादं सामान सोपवताना जशा सूचना देतात, तशा सुरात म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेचं काम सोडलं. गुप्तेबाईंनी राहा म्हटलं नाही.

नऊ वर्षं ती पुडी माझ्या टेबलाच्या खणात होती. मी आता एका दप्तरखान्यात नोकरी करतो. तिथं बोलावं लागत नाही. मिशनचे कागद मात्र मी शोधत राहिलो, सुट्टीच्या दिवशी, जिथं शिरू देतील तिथं. गेल्या दिवाळीनंतर वाळवीनं खाल्लेल्या एका गठ्ठ्यात घराच्या अधीक्षकाचं पत्र हाती आलं. वरिष्ठांकडं त्यानं दोन डझन गोणपाटं मागितली होती. कारण लिहिलं होतं: आवारात एकही झाड नाही आणि मुलांचे पाय भाजतात. खाली घराचा पत्ता होता. तो भंगाराच्या आवाराचाच पत्ता होता.

मी मोंबासाला लिहिलं. उत्तर जोसायाचं आलं. आत्या जाऊन तीन वर्षं झाली होती. डबा तिच्या खोलीत फळीवर तसाच आहे, त्यानं लिहिलं, आणि मला लगेच निघणं शक्य नाही. तुझ्याकडची त्या जागी ठेव. माहीत झालंय ना आता?

मी एकटाच जाणार होतो. पण कडुनिंबाखालून जाताना पायरीवर कासम मास्तर बसलेले दिसले. खूप थकले होते. मी दिसताच त्यांनी नेहमीच्या, सराव झालेल्या आवाजात सुरू केलं, "ते घर इथं नाही हां, ते पुढं..." आणि मग मला ओळखलं. माझ्या हातातली पुडीही ओळखली; तिला बांधलेला निळा दोरा त्यांच्याच दुकानातला होता. त्यांनी कोपऱ्यातली छत्री घेतली आणि काही न विचारता सोबत आले.

भंगाराचं आवार उरलं नव्हतं. पत्र्याचं कुंपण, नव्या इमारतीची पाटी. फाटकातून दिसलं की सिमेंट सगळं फोडून काढलंय आणि खाली माती उघडी पडली आहे, काळी, ओलसर, पुरुषभर खोल. रखवालदार जेवत होता. त्यानं हातानंच 'पाच मिनिटं' अशी खूण केली.

मी कडेला बसलो. दोरा सुटेना, तेव्हा मास्तरांनी दातांनी तोडला. पुडीत आता लाल कुठलं आणि राखाडी कुठलं ते मला दिसेना. डोक्यावर ऊन रणरणत होतं. मास्तरांनी छत्री उघडून माझ्यावर धरली.

"मिटवा, मास्तर," मी म्हणालो.

त्यांनी मिटवली. मी कागद तिरका केला, माती खाली गेली, आणि कोणीही काही विचारलेलं नसताना मी मोठ्यानं म्हणालो, "इथं."